डोळ्यातील पांढरी चमक आणि घराण्याचे मौन

दिवेलागणीच्या वेळी मांडीवरच्या तान्ह्या मुलाच्या डोळ्यात एखाद्या विशिष्ट कोनातून मांजराच्या डोळ्यासारखी पांढरट चमक दिसते. मूल जरा हलले की ती नाहीशी होते आणि पाहणाऱ्याला वाटते की आपल्याला भासच झाला. ही चमक बहुधा प्रथम आईला दिसते व ती घरात बोलून दाखविते. कोणी म्हणते, मूल घाऱ्या डोळ्यांचे होणार. कोणी म्हणते, दृष्ट लागली. कोणी ग्रहणाच्या वेळी गर्भवतीने काय चिरले, काय शिवले याची चौकशी सुरू करते. मूल खाते-पिते, हसते-खेळते, दुखल्याखुपल्याची तक्रार करीत नाही. साहजिकच डॉक्टरांकडे जाण्याची निकड कोणालाच भासत नाही आणि काही महिने असेच निघून जातात. नेमक्या याच महिन्यांवर त्या मुलाचे प्राण अवलंबून असण्याचा संभव असतो.

डोळ्याच्या मागील बाजूस प्रकाश टिपणारा जो नाजूक पडदा असतो त्याला दृष्टिपटल म्हणतात. या दृष्टिपटलाच्या अपक्व पेशींपासून बालवयात उद्भवणाऱ्या कर्करोगाला वैद्यकशास्त्रात ‘रेटिनोब्लास्टोमा’ असे नाव आहे. बाहुलीतून दिसणारी पांढरी चमक हे त्याचे सर्वांत ठळक लक्षण होय. तिच्या खालोखाल नव्याने आलेला तिरळेपणा. हा रोग दुर्मिळ आहे. सुमारे सोळा ते अठरा हजार जन्मांमागे एका मुलाला तो होतो आणि बहुसंख्य मुलांत तो वयाच्या पाच वर्षांच्या आतच प्रकट होतो. जगात दरवर्षी सुमारे आठ हजार मुलांना तो होतो व त्यांतील दीड ते दोन हजार मुले एकट्या भारतातील असावीत, असा जाणकारांचा अंदाज आहे. प्रत्येक पांढरी चमक कर्करोगाचीच असते असे अर्थातच नाही. जन्मजात मोतीबिंदू किंवा दृष्टिपटलाचे इतर विकार यांतही ती दिसते. परंतु ती नेमकी कशाची हे घरात बसून ठरविता येत नाही. बाहुली विस्फारून नेत्रतज्ज्ञाने आत पाहिल्यावाचून कोणालाच ते सांगता यावयाचे नाही.

या रोगाच्या दोन वैशिष्ट्यांमुळे त्याचा विचार वैद्यकाच्या वर्तुळाबाहेर होणे अगत्याचे ठरते. एक असे की, कर्करोगाचे इतके उघड आणि अशिक्षित माणसालाही दिसणारे चिन्ह क्वचितच दुसऱ्या एखाद्या रोगात आढळेल. आणि वेळेवर उपचार झाल्यास बरा होण्याचे प्रमाणही क्वचितच इतके मोठे असेल. दुसरे असे की, कर्करोगाची प्रवृत्ती वारशाने कशी येते, याचे पहिले सुस्पष्ट उत्तर मानवजातीला याच रोगाने दिले. असे असूनही मुले दगावतात, आणि वारशाचे हे ज्ञान ज्या घराण्यांना सर्वांत उपयोगाचे त्यांच्यापर्यंतच ते पोचत नाही. हे असे का व्हावे, हा खरा प्रश्न आहे.

रोग जुना, नाव नवे

या रोगासारख्या दिसणाऱ्या गाठीचे वर्णन १५९७ साली हॉलंडमधील पीटर पाव या शरीरशास्त्रज्ञाने करून ठेवले आहे. १८०९ साली स्कॉटलंडच्या जेम्स वॉर्ड्रॉप या शस्त्रवैद्याने मुलांच्या डोळ्यांतील अशा अर्बुदांचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. ही गाठ दृष्टिपटलातून निघते, हे त्याने ओळखले व रोग पसरण्यापूर्वी डोळा काढून टाकणे हाच उपाय आहे, असे प्रतिपादन केले. भूल देण्याची विद्या तेव्हा अवगत नव्हती. ईथरचा वापर सुरू होण्यास अजून जवळजवळ चार दशके अवकाश होता. त्यामुळे त्याचा सल्ला अनेकांना क्रूर वाटला असल्यास नवल नाही; तथापि तो बरोबर होता, हे पुढच्या काळाने सिद्ध केले. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण जगापुढे ठेवले आणि गाठ डोळ्याबाहेर येण्याआधीच ती पाहणे शक्य झाले. ‘रेटिनोब्लास्टोमा’ हे नाव मात्र १९२६ मध्ये अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांच्या संस्थेने स्वीकारल्यानंतर रूढ झाले.

आनुवंशिकतेच्या दृष्टीने पहिली महत्त्वाची नोंद ब्राझीलमधील इलारिओ द गुव्हेआ या नेत्रवैद्याची आहे. १८७२ साली त्याने या रोगाने ग्रासलेल्या एका मुलाचा डोळा काढला. मूल वाचले. यथावकाश त्या मुलाचे लग्न झाले. पत्नीच्या घराण्यात हा रोग नव्हता. त्यांना सात अपत्ये झाली व त्यांपैकी दोन मुलींच्या दोन्ही डोळ्यांत हाच रोग उद्भवला. गुव्हेआने ही हकीकत १८८६ साली प्रसिद्ध केली. या हकीकतीत एक करुण विरोधाभास आहे. पूर्वी ही मुले मोठी होण्याआधीच मरत, म्हणून रोगाचा वारसा कोणाच्या ध्यानात येत नसे. शस्त्रक्रियेने पहिली मुले वाचली आणि ती आईबाप झाली तेव्हाच हा वारसा दृष्टीस पडला.

दोन राखणदार

त्यानंतर सुमारे शंभर वर्षे एक कोडे तसेच राहिले होते. काही मुलांत हा रोग दोन्ही डोळ्यांत होतो, तो फार लवकर म्हणजे बहुधा पहिल्या वर्षाच्या आसपास प्रकट होतो आणि एकेका डोळ्यात अनेक गाठी असतात. इतर मुलांत तो एकाच डोळ्यात, एकच गाठ असलेला आणि बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दिसून येणारा असतो. एकच रोग असा दोन रूपांनी का वागतो?

याचे उत्तर १९७१ साली आल्फ्रेड नडसन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने दिले. ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन रुग्णालयात १९४४ ते १९६९ या काळात आलेल्या ४८ मुलांच्या नोंदी एवढेच त्याचे साधन होते. मुलाचे निदानाच्या वेळचे वय, एक डोळा की दोन, गाठी किती आणि घराण्यात रोग होता की नाही, एवढी माहिती कागदावर मांडून त्याने केवळ संख्याशास्त्राच्या आधारे अनुमान काढले. दोन्ही डोळ्यांत रोग असलेल्या मुलांच्या वयांचा आलेख असा येत होता की, जणू त्यांच्या पेशींत एकच घटना घडावयाची बाकी होती. एका डोळ्याच्या रोग्यांचा आलेख मात्र एकामागून एक दोन घटना घडाव्या लागत असल्याप्रमाणे येत होता. वैद्यकाच्या इतिहासात ही उपपत्ती ‘दोन आघातांचा सिद्धांत’ म्हणून प्रसिद्ध आहे.

तिचा आशय साध्या दृष्टांताने सांगता येईल. एका शेतावर दोन राखणदार आहेत असे समजू. एक आजारी पडला तरी दुसरा राखण करतो. दोघेही नसतील तेव्हाच शेताची नासाडी होते. पेशींच्या बेसुमार वाढीला आवर घालणारे जे जनुक असते त्याच्याही प्रत्येक पेशीत दोन प्रती असतात. त्यांपैकी एक आईकडून व एक वडिलांकडून येते. सर्वसाधारण मुलात एकाच पेशीतील या दोन्ही प्रती निकामी होणे हा अत्यंत विरळा योगायोग. म्हणून एकच गाठ, एकच डोळा आणि उशिरा. ज्या मुलाला एक बिघडलेली प्रत जन्मतःच मिळालेली असते त्याच्या अंगच्या प्रत्येक पेशीत पहिल्यापासून एकच राखणदार असतो. दृष्टिपटलाच्या लक्षावधी वाढत्या पेशींपैकी काहींत तो दुसराही निकामी होणे जवळजवळ अटळच असते. म्हणून अनेक गाठी, दोन्ही डोळे आणि लवकर.

नडसनच्या हिशेबात आणखी एक मर्म होते. बिघडलेली प्रत वारशाने आलेल्या मुलांत सरासरी तीन गाठी होतात, असे त्याला दिसून आले. योगायोगाच्या गणितानुसार सरासरी तीन असेल तर शेकडा सुमारे पाच जणांत एकही गाठ होणार नाही. आजोबांना रोग होता, वडिलांना झाला नाही आणि नातवाला मात्र झाला, असे काही घराण्यांत का घडते, याचा उलगडा यातून होतो. वारसा मध्येच तुटलेला नसतो. त्या एका पिढीत केवळ दैव अनुकूल ठरलेले असते.

तेरावे गुणसूत्र

हे जनुक कोठे आहे, याचा माग काढण्याची कथाही उद्बोधक आहे. १९६३ साली लेले, पेनरोज व स्टॅलर्ड या तिघांनी ब्रिटनमधील एका वैज्ञानिक नियतकालिकात एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. या रोगाच्या त्या रुग्णात एका गुणसूत्राचा तुकडा गळालेला होता. यांतील पहिले आडनाव मराठी वाचकाच्या कानाला परके वाटणार नाही. तिसरे नाव हेन्री स्टॅलर्ड यांचे. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १५०० मीटर धावण्याच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविणारे हे गृहस्थ पुढे नामांकित नेत्रशल्यविशारद झाले आणि किरणोत्सर्गी कोबाल्टची लहानशी चकती डोळ्यावर बसवून गाठ जाळण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. गुणसूत्रांच्या त्या गटातील सदस्य एकमेकांपासून ओळखण्याचे तंत्र त्या वेळी नव्हते. पुढे ते साध्य झाले व हे गुणसूत्र तेरावे असल्याचे निश्चित झाले.

१९८३ मध्ये वेब्स्टर कॅव्हिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गाठीच्या पेशींत दुसरी प्रतही नष्ट झालेली असते, याचा प्रत्यक्ष पुरावा दिला. १९८६ मध्ये थॅडियस ड्राया, रॉबर्ट वाइनबर्ग, स्टीफन फ्रेंड प्रभृतींनी ते जनुकच वेगळे करून दाखविले. कर्करोगाला आवर घालणाऱ्या जनुकांपैकी हाती आलेले हे पहिले जनुक होय. त्याच्यापासून बनणारे प्रथिन पेशीला विभागणीच्या उंबरठ्यावर थोपवून धरते व योग्य वेळ येईतो पुढे जाऊ देत नाही. हा पहारा केवळ डोळ्यातच चालतो असे नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत होणारा विषाणू याच प्रथिनाला निकामी करून पेशीत धुमाकूळ घालतो. स्तनाच्या कर्करोगावरील काही नवी औषधेही याच पहाऱ्याला बळ देण्याच्या तत्त्वावर काम करतात. मूठभर मुलांना होणाऱ्या एका दुर्मिळ रोगाच्या अभ्यासातून लक्षावधी प्रौढांच्या रोगांवर प्रकाश पडला. ‘एवढ्या विरळा रोगावर खर्च कशाला?’ असे विचारणाऱ्यांना याहून चांगले उत्तर सापडणे कठीण आहे.

दोष कोणाचा?

विज्ञानाने एवढे उलगडून सांगितले असता घरोघर विचारला जाणारा प्रश्न मात्र बदललेला नाही. तो प्रश्न असा की, हे कोणामुळे झाले? आणि बहुतेक वेळा बोट आईकडे दाखविले जाते.

वस्तुस्थिती काय आहे? या रोगाच्या सुमारे ४० टक्के मुलांत बिघडलेले जनुक शरीरातील सर्व पेशींत असते. उरलेल्या ६० टक्क्यांत तो बिघाड केवळ डोळ्यातील त्या गाठीपुरता असतो आणि पुढील पिढीकडे जात नाही. आधीच्या पिढीत हा रोग होऊन गेला आहे, असे मात्र साधारणपणे दहांतील एकाच मुलाच्या बाबतीत आढळते. याचा अर्थ उघड आहे. ज्यांना आनुवंशिक स्वरूपाचा रोग होतो अशांतील बहुसंख्य मुलांत हा बिघाड नव्यानेच, बीजपेशी तयार होताना किंवा गर्भधारणेनंतर लगेच, झालेला असतो. अशी नवी उत्परिवर्तने बहुतांशी पित्याकडून आलेल्या गुणसूत्रावर असतात, हेही १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले आहे. हे सांगण्याचा हेतू आईवरचा आरोप काढून बापावर ठेवण्याचा नाही. पेशी विभागताना कोट्यवधी अक्षरांची नक्कल करावयाची असते आणि एखादे अक्षर चुकते. ते कोणाच्या आचरणाने चुकत नाही व कोणाच्या व्रतवैकल्याने टळत नाही. ग्रहणात भाजी चिरण्याशी त्याचा संबंध नाही, आणि पूर्वजन्मीच्या पापाशी तर नाहीच नाही.

एकदा हा बिघाड सर्व पेशींत असला म्हणजे मात्र तो पुढच्या पिढीत जाण्याचा संभव निम्मा असतो. ही निम्मी शक्यता प्रत्येक अपत्याच्या वेळी नव्याने उभी राहते. पहिले मूल सुटले म्हणून दुसऱ्याला धोका वाढत नाही आणि पहिल्याला रोग झाला म्हणून दुसरे सुरक्षित ठरत नाही. मुलगा-मुलगी असा भेदही येथे नाही. एकाच डोळ्यात रोग झालेल्या मुलांपैकीही शेकडा सुमारे पंधरा जणांत हा बिघाड सर्वांगी असतो. ‘एकच डोळा होता, तेव्हा आनुवंशिक नाही,’ असे समजून निर्धास्त राहणे म्हणूनच चुकीचे ठरते.

डोळा द्यावा की मूल?

या रोगाने ग्रस्त मुलाच्या आईबापांसमोर डॉक्टर जो प्रस्ताव ठेवतात तो ऐकून काळजाचे पाणी व्हावे, हे स्वाभाविक आहे. गाठ मोठी झाली असेल तर तो डोळा काढावा लागतो. हसतेखेळते मूल, कोठे वेदना नाही, आणि डोळा काढावयाचा! अनेक कुटुंबे येथे अडखळतात. कोणी दुसरे मत घेण्यासाठी जातो तो परत येत नाही. कोणी जडीबुटीवाल्याकडे जातो. कोणी गावी जाऊन वडीलधाऱ्यांना विचारून येतो म्हणतो. तोवर गाठ डोळ्यामागील तंत्रिकेच्या वाटेने मेंदूकडे सरकते किंवा रक्तावाटे हाडांत पोचते. डोळ्याच्या आत बंदिस्त असलेला रोग जवळजवळ हमखास बरा होतो. डोळ्याबाहेर पडलेला रोग बरा करणे अतिशय दुष्कर होते. ‘सर सलामत तो पगडी पचास’ ही म्हण आपल्याकडे सर्रास वापरली जाते. तिचा शब्दशः अर्थ कळावा असा हा प्रसंग आहे. काढलेल्या डोळ्याच्या जागी बसविलेला कृत्रिम डोळा आज इतका हुबेहूब असतो की, पाहणाऱ्याच्या तो सहजी ध्यानातही येत नाही. एका डोळ्याने माणूस लिहितो-वाचतो, नोकरी करतो, संसार करतो.

शिवाय प्रत्येक वेळी डोळा काढावाच लागतो असेही आता राहिलेले नाही. गाठ लहान असतानाच आढळली तर लेसर, अतिशीत उपचार, औषधोपचार यांनी डोळा आणि पुष्कळदा दृष्टीही वाचविता येते. १९९० नंतरच्या दशकात शिरेतून द्यावयाच्या औषधांनी गाठी आकसविण्याची पद्धत रूढ झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून जपानमध्ये आणि २००६ पासून न्यूयॉर्कमध्ये मांडीच्या रोहिणीतून अतिसूक्ष्म नळी थेट डोळ्याच्या रक्तवाहिनीपर्यंत नेऊन औषध पोचविण्याचे तंत्र विकसित झाले. किरणोत्सर्गी चकत्या पूर्वी परदेशातून आणाव्या लागत. अलीकडच्या काळात मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्राने अणुभट्टीतील वापरलेल्या इंधनापासून मिळविलेल्या रुथेनियमच्या चकत्या देशातच तयार केल्या आहेत. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, चेन्नईचे शंकर नेत्रालय अशा ठिकाणी या रोगावर उपचार होतात. विद्या देशात आहे. मूल तेथे वेळेवर पोचत नाही, ही खरी अडचण आहे.

किती उशिरा पोचते, याची मोजदाद झालेली आहे. २०१७ साली या रोगाचे निदान झालेल्या १५३ देशांतील ४,३५१ मुलांची पाहणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. श्रीमंत देशांत निदानाच्या वेळी मुलाचे मध्यक वय सुमारे १४ महिने होते. सर्वांत गरीब देशांत ते साडेतीस महिने होते. श्रीमंत देशांत दीड टक्का मुलांतच रोग डोळ्याबाहेर पडलेला होता. गरीब देशांत हे प्रमाण ४९ टक्के होते. पेशी तीच, जनुक तेच, चमकही तीच. फरक आहे तो सोळा महिन्यांच्या विलंबाचा.

बरे झाल्यानंतरचे मौन

मूल वाचले की कुटुंबाला वाटते, संकट टळले. आता हा विषय पुन्हा नको. ज्यांचा रोग आनुवंशिक स्वरूपाचा आहे त्यांच्या बाबतीत मात्र हे मौन धोक्याचे असते. एकच राखणदार असलेल्या पेशी केवळ डोळ्यात नसतात. अशा मुलांत पुढील आयुष्यात हाडांचा कर्करोग, स्नायू व इतर मऊ ऊतींचे कर्करोग, त्वचेचा मेलानोमा नावाचा कर्करोग यांचा संभव इतरांहून अधिक असतो. काहींत बालपणीच मेंदूतील पिनियल ग्रंथीच्या परिसरात गाठ होते. विसाव्या शतकात बाहेरून किरण देऊन हजारो मुलांचे डोळे वाचविण्यात आले. परंतु त्याच किरणांनी, विशेषतः पहिल्या वर्षाच्या आत ते दिले गेले असता, पुढच्या कर्करोगांचा धोका वाढविला, असे दीर्घकाळच्या निरीक्षणांतून निष्पन्न झाले. म्हणून तो उपाय आता शक्यतो टाळला जातो. मोठेपणी पाय दुखू लागला, गाठ जाणवली तर ती अंगावर काढू नये, क्ष-किरणांची तपासणी अकारण करू नये, तंबाखूच्या वाटेला जाऊ नये, एवढे तरी अशा व्यक्तीला माहीत असावयास हवे. परंतु ज्याला आपला डोळा ‘लहानपणी काहीतरी लागून’ गेला असे सांगितले गेले, त्याला हे माहीत कसे व्हावे?

यापुढची पायरी अधिक नाजूक आहे. आपल्या समाजात लग्न ही दोन घराण्यांची वाटाघाट असते आणि घराण्यातील रोग ही लपविण्याची गोष्ट मानली जाते. मुलीच्या बाबतीत तर हा लपवाछपवीचा आग्रह विशेषच असतो. कृत्रिम डोळ्याची कथा अपघाताच्या नावावर खपविली जाते. मग तिला मूल होते. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत नेत्रतज्ज्ञाने त्या मुलाचे डोळे तपासले असते तर मोहरीएवढी गाठ दिसली असती आणि लेसरने ती नाहीशी करता आली असती. परंतु तपासणी का करावयाची हेच कोणाला ठाऊक नसते. आणि ज्या स्त्रीला ठाऊक असते तिला ते बोलण्याची सोय नसते. गुव्हेआने जे १८८६ साली लिहून ठेवले तेच एखाद्या तालुक्याच्या गावी आजही अज्ञानाने पुन्हा घडते.

रक्ताच्या तपासणीने हे जनुक बिघडलेले आहे की नाही, हे आज बहुतांश वेळा सांगता येते. तिचा एक मोठा लाभ फारसा कोणी ध्यानात घेत नाही. रोगी मुलातील नेमका बिघाड सापडला की, त्याच्या भावंडांच्या रक्तात तो आहे की नाही हे पाहता येते. ज्या भावंडात तो नाही त्याला दर काही आठवड्यांनी भूल देऊन डोळे तपासण्याच्या यातनेतून सोडविता येते आणि ज्याच्यात आहे त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवता येते. आनुवंशिकतेची माहिती म्हणजे घराण्यावरचा डाग, ही समजूत अशी तपासणी टाळावयास लावते आणि तिची किंमत मूल आपल्या डोळ्याने किंवा प्राणाने चुकविते.

काय करता येण्याजोगे आहे?

करावयाच्या गोष्टी खर्चिक नाहीत. अंधाऱ्या खोलीत हातातील नेत्रदर्शकाचा प्रकाश मुलाच्या दोन्ही बाहुल्यांवर टाकला की निरोगी डोळ्यांतून तांबूस चमक परत येते. ती फिकी, पांढरी किंवा दोन डोळ्यांत निरनिराळी असेल तर मुलाला पुढे पाठवावयाचे, एवढीच ही तपासणी असून तिला मिनिटभरही लागत नाही. प्रसूतिगृहातून आई घरी जाण्यापूर्वी आणि पुढे प्रत्येक लसीच्या वेळी ती व्हावयास हवी. फेब्रुवारी २०१३ मध्ये केंद्र सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम महाराष्ट्रातील पालघर येथूनच सुरू झाला. अंगणवाड्यांतील मुलांची वर्षातून दोनदा व शाळांतील मुलांची एकदा तपासणी करणारी पथके या कार्यक्रमात आहेत. तथापि हा रोग अंगणवाडीत जाण्याच्या वयापूर्वीच गाठतो. म्हणून लस टोचणारी परिचारिका आणि घरोघर जाणारी आशा कार्यकर्ती यांना या एका चिन्हाची ओळख करून देणे अधिक निकडीचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बालकर्करोगाविषयीचा जो उपक्रम जाहीर केला त्यात २०३० पर्यंत किमान ६० टक्के मुले वाचावीत, असे उद्दिष्ट ठेवले असून विशेष लक्ष द्यावयाच्या सहा कर्करोगांत रेटिनोब्लास्टोमाचा समावेश आहे.

आता घराघरांत भ्रमणध्वनीवर मुलांची छायाचित्रे काढली जातात, हेही एक साधन होऊ शकते. झगमगाटी प्रकाशात काढलेल्या छायाचित्रात एका डोळ्याची बाहुली तांबडी व दुसरीची पांढरी दिसली तर ती सूचना समजावी. अमेरिकेतील टेक्सस राज्यात रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकाच्या मुलाला हा रोग झाला होता. त्याने मुलाची हजारो छायाचित्रे मागाहून तपासली, तेव्हा मूल अवघे बारा दिवसांचे असतानाच्या छायाचित्रातही ती पांढरी चमक असल्याचे त्याला आढळले. निदान झाले तेव्हा मूल काही महिन्यांचे झाले होते. चमक डोळ्यांसमोर होती. तिचा अर्थ ठाऊक नव्हता.

शिक्षकांचा वाटाही येथे लहान नाही. खेड्यात आजही मुलाच्या आजाराविषयी मास्तरांना विचारण्याची पद्धत आहे; त्यांच्या तोंडून ‘डोळा काढू द्या, मूल वाचवा’ असे निघाले तर त्याला वजन असते. कृत्रिम डोळा असलेले मूल वर्गात आले की त्याला टोपणनाव चिकटण्यास दोन दिवस पुरतात. ते चिकटू न देणे शिक्षकाच्या हाती आहे. आणि जीवशास्त्राच्या तासाला मेंडेलच्या वाटाण्यांबरोबर नडसनच्या ४८ मुलांचीही कथा सांगितली गेली, तर वारसा म्हणजे शाप ही समजूत घेऊन मुले शाळेबाहेर पडणार नाहीत.

घराण्याने पुढच्या पिढीला शेतीवाडी द्यावी, दागदागिने द्यावेत. त्याचबरोबर आपल्या रक्तात काय आहे याचीही खरी माहिती द्यावी. ती दिली गेली नाही म्हणून रोग वारसा सोडत नाही; तो केवळ अधिक उशिरा सापडतो. दिवेलागणीला ती पांढरी चमक पाहून चरकलेल्या आईला ग्रहणाचा जाब विचारणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. तिचे म्हणणे ऐकून ‘उद्या सकाळीच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ’ एवढे सांगणारे एक माणूस मात्र प्रत्येक घरात असावयास हवे.